तबकडीवरील आंकडे आणि त्यांचा इतिहास

इ. स. १९०१ च्या डिसेंबर महिन्यांत रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून मुंबईस परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचा प्रसंग हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं आपल्या चलच्चित्राच्या कॅमेऱ्यानें टिपून घेतला. याच सावेदादांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें होतें आणि आपल्या देशांतील चलच्चित्राच्या इतिहासाचा आरंभ बहुधा त्यांच्याच नांवानें सांगितला जातो. परांजपे हे रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्याच्या मुर्डी गांवचे. कोंकणच्या एका सुपुत्राची हालचाल करणारी छबी अशा रीतीनें चित्रफितीवर उतरली खरी. पण ती फीत आज पाहावयास मिळत नाहीं. ती घेतली गेली, एवढी नोंद मात्र शिल्लक आहे.

दापोलीहून दक्षिणेस येऊन दाभोळपाशीं वाशिष्ठीची खाडी ओलांडली कीं गुहागर तालुका लागतो. श्री व्याडेश्वर हें ज्यांचें कुलदैवत अशीं शेंकडों कुटुंबें येथून मुंबई-पुण्यास आणि तेथून पुढें अमेरिकेपर्यंत पांगलीं आहेत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत या घरांतून जे विवाह झाले, ज्या मुंजी लागल्या, शिमग्यांत ज्या पालख्या दारीं नाचल्या, त्यांचें चित्रण व्हीएचएस कॅसेटीवर झालें. कोंकणांतील दमट व खारी हवा या फितीस मुळींच मानवत नाहीं. एक पावसाळा कपाटांत गेला कीं फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसूं लागते, चुंबकीय लेप सुटूं लागतो, आणि चित्रावर पांढरे ओरखडे येऊं लागतात. हीं चित्रें फितीवरून उतरवून डीव्हीडी नामक तबकडीवर घेण्याचा उद्योग इ. स. २००० च्या आगेमागे घरोघर सुरू झाला, आणि तेथेंच गृहस्थाची गांठ एका विचित्र प्रश्नपत्रिकेशीं पडली.

संगणकावर चित्रें आटोपशीर करून लिहिणारी जी यंत्रणा असते तिला एन्कोडर म्हणतात. हा एन्कोडर काम हातीं घेण्यापूर्वीं कांहीं आंकडे मागतो: चित्राची रुंदी ७२० कीं ३५२, उंची ५७६ कीं ४८०, सेकंदास चित्रें २५ कीं २९.९७, वरचें अर्धचित्र आधीं कीं खालचें, सेकंदास किती बिट खर्च करावयाचे, पूर्ण चित्र किती चित्रांनंतर यावें, आवाजाचे नमुने ४८,००० कीं ४४,१००. आंकडा चुकला तर कधीं तबकडी मुळींच चालत नाहीं. ती चालली आणि चित्र मात्र बिघडलें, हा प्रकार त्याहून वाईट. कारण तेव्हां चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं, फीत टाकून दिली जाते, आणि बिघडलेलें चित्र हेंच पुढच्या पिढ्यांचें एकमेव चित्र होऊन बसतें. हे आंकडे कोणा कारकुनानें लहरीनें ठरविलेले नाहींत. त्यांतील प्रत्येकामागें एक जुना वाद, एक तडजोड किंवा एक अडचण उभी आहे, आणि ती समजली म्हणजे आंकडा पाठ करावा लागत नाहीं.

आरंभ २५ या आंकड्यापासून करावा हें बरें, कारण त्याचें मूळ चित्रांत नसून विजेंत आहे. घरांत येणारा विजेचा प्रवाह दिशा बदलीत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत वेस्टिंगहाऊस कंपनीनें सेकंदास ६० आवर्तनें हें प्रमाण धरलें, तर जर्मनींत एईजी कंपनीनें ५० धरलें. आणि युरोपचें प्रमाण तें हिंदुस्थानांत आलें. १९१५ सालीं टाटांनीं खोपोलीस पाण्यावर वीज काढून ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. गुहागर तालुक्यांतच, वाशिष्ठीच्या मुखापाशीं असलेल्या अंजनवेल येथें, एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीनें ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्यें चालू केला आणि दोन वर्षांतच तो बंदहि पडला. त्या प्रकल्पाची राजकीय कहाणी निराळी आणि बरीच कडू आहे. पण तेथील जनित्रांना देखील मिनिटास ३००० फेरे घेऊन सेकंदास ५० चेंच प्रमाण पाळावें लागत असे. त्या आंकड्यापुढें सरकार आणि कंपनी या दोघांचेंहि कांहीं चालण्यासारखें नव्हतें.

आतां विजेचा आणि चित्राचा संबंध कसा जुळला तें पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, दूरचित्रवाणीच्या पहिल्या यंत्रांत विजेची घरघर चित्रांतहि उतरत असे. चित्रांची गति आणि विजेचीं आवर्तनें यांचा मेळ नसला तर पडद्यावर एक काळसर पट्टा वरून खालीं सरकत राही. मेळ बसला तर तो पट्टा एका जागीं स्थिर होई आणि डोळ्यांस जाचत नसे. म्हणून जेथें वीज ५० ची तेथें चित्राची गति ५० च्या हिशेबानें आणि जेथें ६० ची तेथें ६० च्या हिशेबानें ठरली. परंतु सेकंदास ५० पूर्ण चित्रें पाठविणें त्या काळच्या यंत्रांना झेपणारें नव्हतें. त्यावर एक हिकमत निघाली. चित्राच्या ओळींपैकीं प्रथम एक सोडून एक अशा ओळी पाठवावयाच्या, आणि मग राहिलेल्या ओळी पाठवावयाच्या. म्हणजे सेकंदास ५० अर्धचित्रें, आणि दोन अर्ध्यांचें एक असें मोजलें तर २५ पूर्ण चित्रें. १९३६ सालीं बीबीसीनें लंडनहून जें नियमित प्रक्षेपण सुरू केलें त्यांतील मार्कोनी-ईएमआयची पद्धति हीच होती.

या अर्धचित्रांपाशीं थोडें थांबणें अवश्य आहे, कारण गुहागरच्या फितींचें जें नुकसान झालें आहे त्यांतील बरेंचसें येथेंच झालेलें आहे. दोन अर्धचित्रें हीं एकाच क्षणाचे दोन तुकडे नव्हेत. पहिलें अर्धचित्र घेतल्यानंतर दुसरें घेण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लोटलेला असतो. देवळांत स्वस्थ बसून जप करणाऱ्या गुरुजींच्या बाबतींत या अवधीनें कांहींच फरक पडत नाहीं. शिमग्याची पालखी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांच्या बाबतींत मात्र तेवढ्या वेळांत पाऊल उचललेलें असतें आणि पालखीचा दांडा थोडा वर गेलेला असतो. फितीवर हे दोन्ही क्षण सुरक्षित असतात. संगणकाच्या पडद्यावर ते एकाच वेळीं दाखविले गेले, कीं हलत्या वस्तूच्या कडेला फणीच्या दांत्यांसारख्या रेघा दिसतात. या रेघा पाहून पुष्कळ जण गडबडून जात. फीत खराब झाली असें समजून ते दोन अर्ध्यांचें मिश्रण करून टाकीत, किंवा त्यांतील एक अर्ध सरळ काढून टाकीत. रेघा जात हें खरें. पण त्यांबरोबर ५० क्षणांपैकीं २५ क्षणहि जात, किंवा दोन क्षण एकमेकांत कालवले जाऊन पालखीच्या जागीं पालखीचा धूर उरे. डीव्हीडीच्या नियमांत अर्धचित्रें जशींच्या तशीं ठेवण्याची सोय पहिल्यापासून आहे. ती वापरावी, आणि त्या रेघा घालविण्याचें काम पाहण्याच्या वेळीं दूरचित्रवाणी संचाकडे सोंपवावें, हेंच त्या नियम करणारांच्या मनांत होतें.

दुसरी चूक क्रमाची. वरच्या ओळींचें अर्धचित्र आधीं घेतलें आहे कीं खालच्या ओळींचें, हें एन्कोडरला सांगावें लागतें. डीव्ही जातीच्या कॅमेऱ्यांतून आलेल्या चित्रांत खालचें आधीं असतें. फितीवरून चित्र उतरवून घेणाऱ्या कित्येक पट्ट्यांत वरचें आधीं असतें. क्रम उलटा सांगितला तर प्रत्येक चित्रांत नंतरचा क्षण अगोदर आणि अगोदरचा क्षण नंतर येतो. नाचणारा भोई सेकंदांतून २५ वेळां पुढें जाऊन मागें येतो. चित्र थांबवून पाहिलें तर सर्व ठीक दिसतें. चालू केलें कीं सगळें थरथरतें. ही थरथर जुन्या कॅसेटचाच दोष आहे अशी समजूत होऊन किती तबकड्या तशाच ठेवून दिल्या गेल्या असतील त्याची गणना नाहीं. वास्तविक तपासणीस दोन मिनिटें पुरतात: जेथें हालचाल जोराची आहे असा एक लहानसा तुकडा दोन्ही क्रमांनीं लिहावा आणि दूरचित्रवाणी संचावर लावून पाहावा.

उंचीच्या ५७६ या आंकड्याची हकीकत त्यामानानें सोपी आहे. महायुद्धानंतर युरोपांत ६२५ ओळींचें चित्र हें प्रमाण हळूहळू रूढ झालें. या ओळींपैकीं कांहीं ओळींचा वेळ पडद्यावरील किरण खालून पुन्हां वर जाण्यांत खर्च होई, म्हणून दिसणाऱ्या ओळी ५७६ उरल्या. अमेरिकेंत ५२५ पैकीं ४८० च्या सुमारास उरल्या. रंगीत चित्राची अमेरिकन पद्धति १९५३ च्या डिसेंबरांत मान्य झाली, तेव्हां रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून चित्रावर जाळी उठूं नये म्हणून चित्रांची गति हजारास एक या प्रमाणांत किंचित् कमी करण्यांत आली, आणि ३० चे २९.९७ झाले. ही एन्टीएससी पद्धति. जर्मनींत टेलिफुंकन कंपनीचे वाल्टर ब्रूख यांनीं १९६२ च्या अखेरीस पाल ही दुसरी पद्धति सिद्ध केली; तींत रंगांतील दोष एका ओळीआड उलट होऊन परस्परांस मारीत. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें तें कृष्णधवलच होतें. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षीं रंग आला तो पाल पद्धतीचा. गुहागरांतील कॅसेटीवर ६२५ ओळी व ५० अर्धचित्रें आहेत तीं या कारणानें. राहिला ७२०. तो आंकडा १९८२ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत ठरला. चित्राचे नमुने सेकंदास १ कोटी ३५ लक्ष या वेगानें घेतले असतां ते ६२५ ओळींच्याहि आणि ५२५ ओळींच्याहि हिशेबांत अपूर्णांक न राहतां बसतात, आणि दोन्हीकडे ओळीगणिक दिसणारे बिंदू ७२० च ठेवतां येतात. दोन खंडांचें भांडण निदान आडव्या दिशेनें तरी मिटलें.

आवाजाचा आंकडाहि असाच वंशावळीचा. गाण्याच्या सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. हा आंकडा पाहून अनेकांस नवल वाटतें. पण सीडी निघण्यापूर्वीं असा ध्वनि चित्रफितीच्या यंत्रावरच साठवीत असत, आणि ५० अर्धचित्रांत प्रत्येकीं २९४ ओळी, प्रत्येक ओळींत ३ नमुने, असा गुणाकार केला म्हणजे बरोबर ४४,१०० येतात. ६० अर्धचित्रें आणि २४५ ओळी घेतल्या तरीहि तेच. म्हणजे लतादीदींचें गाणें असो कीं भीमसेनांचें, सीडीवर येतांना त्यांच्या आवाजानेंहि विजेच्या आवर्तनांना मान दिलेला आहे. डीव्हीडीनें मात्र ४८,००० हें प्रमाण स्वीकारलें, आणि सीडीवरून घेतलेली सनई लग्नाच्या चित्रास जोडणाऱ्यांची तबकडी अडूं लागली ती यामुळें.

येथवर जे आंकडे आले ते सर्व वारशानें आलेले. त्यांत निवड फारशी नाहीं, फक्त ओळख आहे. खरी निवड बिटांच्या खर्चांत आहे. पाल पद्धतीचें चित्र न आंखडतां लिहिलें तर त्यास सेकंदास सुमारें १२४ मेगाबिट लागतात. डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट, म्हणजे ३७,६०० मेगाबिट मावतात. भागाकार केला तर पांच मिनिटें येतात. पांच मिनिटांत मंगलाष्टकेंहि पुरीं होत नाहींत. दोन तासांचा समारंभ त्याच जागेंत बसवावयाचा तर चित्राचा आकार मुळाच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शावर आणला पाहिजे, आणि तोहि पाहणारास न कळतां.

हें ज्या गणितानें साधलें त्याचा उगम एका हिंदी माणसाच्या बुद्धींत आहे. बंगलोरांत जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेंत कॅन्सस राज्यांत विद्युत्-अभियांत्रिकीचे अध्यापक होते. १९७२ सालीं त्यांनीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे एका नव्या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठीं साह्य मागितलें. तें मिळालें नाहीं. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा सूर होता. अहमद यांनीं काम सोडलें नाहीं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला, आणि डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हें रूपांतर जगापुढें आलें. चित्राचे आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे चौकोन पाडावयाचे, आणि प्रत्येक चौकोनांतील ६४ बिंदूंच्या ऐवजीं त्यांतील छायेचा चढउतार किती मंद व किती शीघ्र आहे त्याचे ६४ आंकडे लिहावयाचे. निरभ्र आकाशाच्या चौकोनांत यांपैकीं एक-दोनच आंकडे महत्त्वाचे ठरतात. बाकीचे शून्य धरले तरी डोळ्यांस कळत नाहीं. १९८८ सालीं स्थापन झालेल्या एमपीईजी या मंडळानें या रूपांतरास दुसरी एक युक्ति जोडली. लागोपाठच्या चित्रांत बहुतेक भाग सारखाच असतो. म्हणून मधून मधून एक चित्र संपूर्ण लिहावयाचें, आणि मधल्या चित्रांत फक्त काय सरकलें व काय बदललें तें लिहावयाचें.

या युक्तीचें पहिलें घरगुती फळ म्हणजे १९९३ ची व्हिडिओ सीडी. मराठी नाटकें आणि कोंकणांतील शक्ति-तुरा घरोघर पोंचला तो याच तबकड्यांवरून. तिच्यावर चित्र ३५२ बाय २८८ चें, म्हणजे अर्धचित्रांच्या जोडीपैकीं एकच घेतलेलें, आणि चित्रासाठीं खर्च सेकंदास १.१५ मेगाबिट, कमी नाहीं कीं जास्त नाहीं. तीन अंकी नाटकास दोन-तीन तबकड्या लागत, आणि पडदा पडण्याच्या ऐन वेळीं तबकडी बदलावी लागे. पुढें एमपीईजी-२ हें प्रमाण नोव्हेंबर १९९४ मध्यें मंजूर झालें आणि त्यांत अर्धचित्रांना योग्य स्थान मिळालें. नव्या तबकडीसाठीं मात्र दोन तट पडले. एकीकडे सोनी व फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा व टाइम वॉर्नर. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनीं दोघांवरहि दडपण आणलें, आणि १९९५ सालीं समेट झाला. तोशिबाच्या तबकडीची रचना राहिली, फिलिप्सच्या बाजूची सांकेतिक लिपि घेतली गेली. ती लिपि ओरखड्यांस अधिक टिकणारी पण जागा अधिक खाणारी असल्यामुळें ५ गिगाबाइटांचे ४.७ झाले. समेटाची एवढी किंमत पडली. नोव्हेंबर १९९६ मध्यें डीव्हीडी जपानांत विक्रीस आली.

नियमांनीं चित्रास वरची मर्यादा घातली सेकंदास ९.८ मेगाबिट, आणि खालीं जवळ जवळ मोकळें रान सोडलें. येथेंच लोभास जागा मिळाली. एका तबकडीवर जितके तास कोंबावे तितका पैसा वांचतो असें वाटून दुकानांतून पांच-सहा तासांच्या फिती एका तबकडीवर उतरविल्या जाऊं लागल्या. हिशेब सोपा आहे. ३७,६०० ला एकूण सेकंदांनीं भागावें. दोन तासांस ५.२ येतात, त्यांतून आवाजाचे ०.२ आणि किरकोळ खर्चाचे थोडे वजा करावे, म्हणजे चित्रास ४.८ उरतात, आणि ते पुरतात. तीन तासांस तीनच्या आसपास उरतात. सहा तासांस दीडहि उरत नाहीं. उलट एका तासाच्या फितीस सबंध जागा देतां येत नाहीं, कारण भागाकार मर्यादेबाहेर जातो. शिवाय घरीं लिहिलेली तबकडी कमाल वेगास पुष्कळ यंत्रांत अडखळते, म्हणून आठावर थांबणें बरें. आवाज न आंखडतां ठेवला तर तो एकटाच १.५ मेगाबिट घेतो, म्हणजे दोन तासांच्या तबकडींत जवळ जवळ तिसरा हिस्सा. आणि व्हीएचएसवरील साध्या आवाजास तेवढ्याची मुळींच गरज नाहीं.

परंतु सरासरी पुरी आहे एवढ्यानें भागत नाहीं, हें गुहागरच्या चित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचित् दुसरीकडे दिसेल. एमपीईजीची सारी काटकसर दोन गृहीतांवर उभी आहे: चित्राचे मोठे भाग गुळगुळीत असतात, आणि एका चित्रांतील गोष्ट पुढच्या चित्रांत थोडी सरकून तशीच राहते. गुहागरचा समुद्र हीं दोन्ही गृहीतें खोटीं पाडतो. फुटणारी लाट पुढच्या क्षणीं तशी राहत नाहीं. फेंसाचा प्रत्येक ठिपका नवा असतो. किनाऱ्यावरचीं सुरूचीं झाडें आणि मागच्या वाड्यांतील पोफळी वाऱ्यानें हलतात, तेव्हां हजारों बारीक रेघा एकाच वेळीं निरनिराळ्या दिशांनीं जातात. भर पावसांतलें चित्रण असेल तर बोलावयासच नको. अशा ठिकाणीं बिट अपुरे पडले कीं एन्कोडर बारीक आंकडे टाकून देतो, आणि लाटेच्या जागीं आठ-आठ बिंदूंचे चौकोन नाचूं लागतात, जणुं समुद्रावर फरशी बसविली आहे. याच तबकडीवर अर्ध्या तासानें देवळाच्या गाभाऱ्यांतील अभिषेक येतो. तेथें कॅमेरा स्थिर, गुरुजी स्थिर, हलते तो फक्त एक हात. आणि तेथें तितकेच बिट वायां जातात.

यासाठीं खर्च स्थिर न ठेवतां बदलता ठेवण्याची सोय आहे. तींतहि दोन फेऱ्यांची पद्धति उत्तम. पहिल्या फेरींत एन्कोडर कांहींच लिहीत नाहीं, सबंध चित्रण नुसतें पाहून घेतो आणि कोठें समुद्र आहे, कोठें गाभारा आहे, याची टिपणी ठेवतो. दुसऱ्या फेरींत गाभाऱ्यांतून वांचविलेलें समुद्रावर खर्च करतो. वेळ दुप्पट लागतो. २००२-०३ च्या सुमारास घरच्या संगणकावर एका फितीस रात्रभर लागे, आणि वीज गेली तर सकाळीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. अंजनवेलचा प्रकल्प त्या वर्षांत बंदच होता.

कमी जागेंत अधिक तास बसविणें अपरिहार्यच असेल तर नियमांत आणखी एक सभ्य वाट आहे, आणि ती फारच थोड्यांनीं वापरली. ३५२ बाय ५७६ हें माप डीव्हीडीस मान्य आहे. व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेनें तपशील मुळांतच कमी असतो. तो ३५२ बिंदूंत आरामांत मावतो. उभ्या दिशेच्या ओळी मात्र सर्व ५७६ राहतात, म्हणून अर्धचित्रांची जोडी फुटत नाहीं. बिंदू निम्मे झाल्यामुळें तीन मेगाबिटांत चार-पांच मेगाबिटांचें काम होतें. ७२० हा आंकडा मोठा म्हणून चांगला, या समजुतीनें ही वाट ओस पडली. पूर्ण चित्रांमधील अंतराबद्दल नियम इतकाच कीं पाल पद्धतींत तें १५ चित्रांहून, म्हणजे सेकंदाच्या तीन-पंचमांश भागाहून, अधिक असूं नये. नाहींतर चित्र पुढें-मागें सरकवितां येत नाहीं आणि तबकडीवर एक ओरखडा पडला कीं बिघाड लांबवर पसरतो.

परदेशांतील आप्तांसाठीं तबकडी करतांना जुनें ५० आणि ६० चें भांडण पुन्हां उभें राहिलें. अमेरिकेंतील पुष्कळ यंत्रें पाल तबकडी घेत नसत; इकडचीं बहुतेक यंत्रें दोन्ही घेत. म्हणून एन्टीएससी तबकडी केली कीं सर्वांचें भागतें, असा सल्ला सर्रास दिला जाई. त्यांत ५७६ ओळींच्या ४८० होतात आणि ५० क्षणांचे ६० करतांना कांहीं क्षण दोनदां दाखवावे लागतात, ही गोष्ट सांगितली जात नसे. अमेरिकेची प्रत निराळी करावी, आणि ती इकडच्या तबकडीवरून न करतां मूळ फितीवरून घेतलेल्या चित्रणापासून करावी, हें योग्य. एकदां आंखडलेलें चित्र पुन्हां आंखडलें कीं पहिल्या वेळचे चौकोन दुसऱ्या वेळीं चित्राचाच भाग म्हणून जपले जातात.

चित्रपटांची अडचण निराळी. १९३६ च्या ‘संत तुकाराम’सारखा बोलपट सेकंदास २४ चित्रांनीं घेतलेला, पाल तबकडीवर तो २५ नीं धांवतो. दोन तास पांच मिनिटांचा चित्रपट बरोबर दोन तासांत संपतो. तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, पण स्वर मात्र चढतो, अर्ध्या सुराहून कांहींसा कमी: पांढरी एकमधला अभंग काळी एकच्या जवळ जातो. पेटीवर साथ करूं पाहणाराचा हात अडतो तो येथें. आवाजाची पट्टी उतरवून मूळ जागीं आणण्याची सोय एन्कोडरपूर्वींच्या कामांत आहे. ती वापरली आहे कीं नाहीं तें मूळ ध्वनिमुद्रिकेशीं ताडून पाहतां येतें.

२०१६ च्या जुलैंत जपानच्या फुनाई कंपनीनें व्हीएचएस यंत्रांचें उत्पादन थांबविलें आणि अशीं नवीं यंत्रें निघणें संपलें. संगणकांतून तबकडीचा खण गेला; आतां चित्रें निराळ्या रीतीनें साठविलीं जातात, आणि त्या रीतींना ७२० चें वा १५ चें बंधन नाहीं. पण बुरशी लागून गेलेल्या फितींची जागा आज ज्या तबकड्यांनीं घेतली आहे त्यांतील चित्र त्या दिवशीं भरलेल्या आंकड्यांनीं जितकें ठेवलें तितकेंच आहे. जेथें अर्धचित्रें मोडून टाकलीं तेथें पालखी धुरकट राहिली ती कायमची. जेथें कोणी फणीच्या दांत्यांना न भितां दोन्ही अर्धें क्रमानें ठेवलीं, तेथें तीच २००३ सालची तबकडी आजच्या सपाट पडद्याच्या संचांत घातली असतां संच त्यांतून ५० चे ५० क्षण वेगळे काढतो, आणि गुलालांत न्हालेली पालखी त्या वेळच्या जाड कांचेच्या संचावर दिसली होती त्याहूनहि नितळ नाचते.